संस्थेच्या संगणकाचीही जागल हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन फसवणुकीची बातमी नाही असा अंक हल्ली क्वचितच निघतो. बातमीच्या शेवटी ‘ओटीपी कोणालाही सांगू नये’ हे ठरलेले वाक्य असते. ते बरोबरच आहे, पण ते एकट्यादुकट्या माणसासाठी आहे. गावातली सेवा सहकारी संस्था, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, जिनिंगचे ऑफिस, ग्रामपंचायत यांच्या दोन-तीन संगणकांत अख्ख्या पंचक्रोशीतल्या कास्तकारांचे आधार क्रमांक, सातबारे, बँक खाती आणि कर्जबाकी पडून आहे. त्याची राखण कोणी आणि कशी करायची, यावर कोणी बोलत नाही. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी केंद्र सरकारने जून 2022 मध्ये 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. 63,000 संस्था त्यात धरल्या होत्या. यंत्रे आली, सॉफ्टवेअर आले. ज्या गावात हरभऱ्यावर रानडुक्कर पडू नये म्हणून रात्र रात्र जागल होते, तिथे संगणकाच्या खोलीला मात्र फक्त कुलूप असते.

यावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे ‘संस्थेजवळ पैसा कुठे आहे?’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. तीन संगणकांच्या ऑफिसला पहिल्या वर्षी साधारण पंधरा हजार रुपये आणि आठवड्याला एक तास पुरतो. चूक होते ती खर्चाच्या क्रमात. आधी महागडा अँटीव्हायरस, मग कॅमेरे, मग कोणी गळ्यात मारलेली फायरवॉलची (नेटवरून येणारी नको ती ये-जा अडवणारी) पेटी. आणि अकाउंटचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. विंडोजसोबत फुकट येणारा डिफेंडर चालू आणि अद्ययावत असेल तर एवढ्या ऑफिसला वेगळा अँटीव्हायरस विकत घेण्याची गरज नाही. ते पैसे दुसरीकडे लागतात.

सुरुवात डेडस्टॉक रजिस्टरापासून करावी. प्रत्येक संस्थेकडे ते असतेच. त्यात टेबल, पंखे, संगणकाची नोंद असते. राउटर, अंगठ्याचे यंत्र, नेटबँकिंगला जोडलेले सिमकार्ड, संस्थेचा ईमेल, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स, डिजिटल सहीचे डोंगल (संगणकाला लावायची पेनड्राइव्हसारखी किल्ली) यांची नसते. एक नवे पान काढून प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक खाते लिहावे, आणि पुढे तीनच रकाने आखावेत : कोणाच्या ताब्यात, रिकव्हरीचा (पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळवण्याचा) मोबाइल कोणाचा, बंद पडले तर काम किती दिवस अडेल. दुसऱ्या रकान्यात बहुतेकांना धक्का बसतो. संस्थेचा जीमेल दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या परिचालकाच्या (संगणक चालवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) खासगी नंबरवर असतो. त्याने कधी काही वाईट केले नसेलही, पण तो नंबर बंद होऊन दुसऱ्या कोणाला मिळाला की त्या ईमेलची किल्ली अनोळखी माणसाच्या खिशात गेली. माणूस काम सोडतो त्याच दिवशी त्याचे खाते बंद व्हावे आणि रजिस्टरात तारखेसह सही व्हावी, असा ठराव घ्यायला एक रुपयाही लागत नाही.

डिजिटल सहीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ग्रामपंचायतीचे वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीने निघतात. दोन माणसे, दोन डोंगल, म्हणजे एकमेकांवर लक्ष, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात दोन्ही डोंगल परिचालकाच्या एकाच ड्रॉवरमध्ये आणि दोन्ही पिन त्याच्या वहीत, अशी सोय करून घेतली की तो विचारच मोडीत निघतो. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 नुसार ती सही हाताच्या सहीइतकीच बांधील धरते. ‘डोंगल माझ्याजवळ नव्हते’ हे सांगून सुटका होणे अवघड आहे. पतसंस्थेच्या नेटबँकिंगचेही तेच. एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा, आणि दोघांचे मोबाइल वेगवेगळ्या खिशात. अध्यक्ष बाहेरगावी असतात म्हणून त्यांच्या नावाचे सिम ऑफिसच्या टेबलावरच्या फोनमध्ये घालून ठेवणे ही सोय नसून उघडी तिजोरी आहे. शिवाय बँकेला लेखी पत्र देऊन रोजची मर्यादा कमी करून घ्यावी : कापसाच्या हंगामात किंवा पीककर्ज वाटपात ती वाढवायची, एरवी खाली आणायची. एनईएफटी आणि आरटीजीएस आता चोवीस तास चालतात, त्यामुळे शनिवारी रात्री गेलेला पैसा सोमवारी सकाळी कळतो. खात्याचा एसएमएस दोन वेगळ्या पदाधिकाऱ्यांना जाईल असे बघावे.

पासवर्डबाबत जुनी शिकवण सोडावी. दर महिन्याला बदलायला लावले की माणूस ‘सोसायटी 1’चे ‘सोसायटी 2’ करतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, 2017 पासूनच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नका असे म्हटले आहे. फुटल्याचा संशय आला तरच बदला. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन अक्षरांत जोडून पासवर्ड करावा : वखर, टपाल, फणस, बत्तीस या धर्तीवर. (हेच चार शब्द घेऊ नयेत, ते आता छापून आले.) प्रत्येक माणसाला स्वतःचे वेगळे लॉगिन द्यावे. सगळ्यांचे मिळून एकच लॉगिन असेल तर गडबड झाल्यावर कोणाला विचारणार? पासवर्ड सांभाळायला कीपास किंवा बिटवॉर्डन फुकट मिळतात. ज्यांना ते जमत नाही त्यांनी वहीत लिहून वही तिजोरीत ठेवावी. शहरी तज्ज्ञ यावर नाक मुरडतील, पण कुलपातली वही मॉनिटरवरच्या चिठ्ठीपेक्षा शंभरपट बरी. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर दोघांच्या सह्या आणि तारीख, आणि पाकीट तिजोरीत. जिथे जिथे दुहेरी पडताळणीची (पासवर्डसोबत आणखी एक कोड किंवा पिन मागण्याची) सोय आहे, म्हणजे ईमेल, बँक, व्हॉट्सअ‍ॅप, तिथे ती चालू करावी. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी पिन एका मिनिटात लागतो.

रोजच्या कामाचे विंडोज खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे यंत्रात काहीही बसवण्याचे-बदलण्याचे पूर्ण अधिकार असलेले, नसावे. या एका बदलाने जेवढी घाण अडते तेवढी पाच हजारांच्या सॉफ्टवेअरनेही अडत नाही, कारण चुकून उघडलेल्या फाइलला पूर्ण यंत्रावर ताबा मिळत नाही. क्रम मात्र चुकवू नये. सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली आधी नवे अ‍ॅडमिन खाते तयार करावे, त्यातून एकदा लॉगिन करून बघावे, आणि मगच जुन्या खात्याचा प्रकार ‘स्टँडर्ड’ करावा. उलटे केले तर आपणच बाहेर राहतो. अंगठ्याच्या यंत्राचे किंवा प्रिंटरचे सॉफ्टवेअर नव्या खात्यात कुरकुर करते. ते अ‍ॅडमिन खात्यातून बसवावे आणि गरज पडल्यास तेवढ्या एका फोल्डरला लिहिण्याची परवानगी द्यावी. तंत्रज्ञ कंटाळून पुन्हा सगळे अ‍ॅडमिन करून जातो, म्हणून तो काम करत असताना शेजारी उभे राहून लक्ष ठेवावे.

आता बॅकअप, म्हणजे डेटाची राखीव प्रत. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. ‘डी ड्राइव्हवर ठेवतो ना!’ हा बॅकअप नव्हे. सी आणि डी बहुतेक यंत्रांत एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. कायम जोडून ठेवलेली बाहेरची हार्डडिस्कही नव्हे, कारण खंडणी मागणारा व्हायरस जोडलेले सगळे कुलूपबंद करतो. गुगल ड्राइव्हवर आपोआप जाणारे फोल्डरही पुरेसे नाही; इथली फाइल बिघडली की तिथलीही तीच बिघडलेली प्रत होते.

लहान संस्थेचा टॅलीचा डेटा सहसा एक-दोन जीबीच्या आत असतो. म्हणून 64 जीबीचे तीन पेनड्राइव्ह घ्यावेत, पंधराशेच्या आसपास पडतील. एकावर ‘सम’, दुसऱ्यावर ‘विषम’ असे लिहावे. सम तारखेला संध्याकाळी सम, विषमला विषम. तिसरा महिनाअखेरीचा, तो संस्थेच्या इमारतीत राहू नये. सचिवाच्या घरी कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. टॅली चालू असताना डेटाचे फोल्डर नुसते कॉपी करू नये, अर्धवट लिहिलेल्या नोंदी येतात आणि ती प्रत नंतर उघडत नाही. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या यादीतून ‘बॅकअप’ घ्यावा. ती फाइल सेव्हन-झिप या फुकट सॉफ्टवेअरने पासवर्ड घालून बंद करावी, प्रकार सेव्हन-झेड निवडावा आणि फाइलची नावेही लपवण्याच्या चौकटीत खूण करावी. पेनड्राइव्ह एसटीत पडला तरी सभासदांची बाकी चहाच्या टपरीवर पोहोचणार नाही. काम झाले की पेनड्राइव्ह काढून तिजोरीत. पाच हजारांच्या आसपासची एक टीबीची बाह्य हार्डडिस्क घेऊन तिच्यावर तिमाहीत एकदा पूर्ण संगणकाची प्रत घ्यावी. स्कॅन केलेले ठराव, पावत्या, जुने पत्रव्यवहार त्यात येतात. पेनड्राइव्ह टिकाऊ माल नाही. दोन वर्षांनी नवे घ्यावेत आणि जुने फोडावेत.

घेतलेला बॅकअप उघडून न पाहणे ही सर्वांत मोठी चूक. दर तीन महिन्यांनी पेनड्राइव्हमधली प्रत दुसऱ्या संगणकावर नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये ‘रिस्टोर’ करावी. चालू डेटाच्या फोल्डरमध्ये कधीही नाही. जुनी प्रत नव्यावर बसते आणि मधल्या नोंदी पुसल्या जातात. मग तेरीज (सर्व खात्यांच्या बाकीची जुळणी, ट्रायल बॅलन्स) काढावी, रोख शिल्लक त्या तारखेच्या किर्दीशी, म्हणजे रोजमेळाशी, ताडून पाहावी, आणि जुळल्याची नोंद सहीने करावी. किती वेळ लागला तेही लिहावे, म्हणजे खरी आपत्ती आली तर कर्जवाटप किती दिवस थांबेल हे संचालकांना आधीच कळते. टॅली व्हॉल्टचा (टॅलीतला डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीचा) पासवर्ड हरवला तर डेटा परत मिळत नाही, तो पाकिटात हवाच. ज्यांचा हिशेब आता थेट सरकारी सर्व्हरवर आहे त्यांनीही महिनाअखेरची तेरीज आणि सभासदनिहाय बाकीची यादी काढून ठेवावी. इंटरनेट आठवडाभर बंद राहणे आपल्याकडे नवलाईचे नाही.

वीज हाही सुरक्षेचाच भाग आहे, हे पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडणार नाही. नोंद लिहिली जात असताना लाइन गेली की डेटा बिघडतो. हिशेबाच्या संगणकाला आणि राउटरला 600 व्हीएचा यूपीएस लावावा, अंदाजे तीन हजार. लेझर प्रिंटर त्यावर कधीच लावू नये. तापताना तो एवढा करंट ओढतो की यूपीएस तिथेच मान टाकतो. यूपीएसमधली 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची बॅटरी आपल्या उन्हात लवकर मरते : तापमान दहा अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय होते ते सांगायला नको. पावसाळ्याआधी तिची चाचणी घ्यावी. उरलेले पैसे अर्थिंगवर घालावेत. मृगाच्या गडगडाटात प्लगसोबत नेटची तांब्याची वायरही काढावी, अनेक राउटर वायरीतून आलेल्या झटक्याने जळतात. जिनिंगच्या ऑफिसात रुईचे तंतू पंख्यात अडकून संगणक तापतो. हंगामात महिन्यातून एकदा हवा मारून घ्यावी.

चोरीचे सॉफ्टवेअर हा गावाकडचा जुना रोग. क्रॅक बसवताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असे सांगितले जाते. ती कडी पुन्हा कोणी लावत नाही. डिफेंडरच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ नावाची यादी असते, म्हणजे जिथे तपासू नको असे सांगितलेल्या जागा. ती उघडून पाहावी. तिथे अनोळखी फोल्डर दिसला तर ते यंत्र आधीपासूनच परक्याचे आहे असे समजून डेटा काढून घ्यावा आणि विंडोज नव्याने बसवावे. पत्रव्यवहाराला लिब्रेऑफिस फुकट आहे, त्यात युनिकोड मराठी नीट चालते. संशयित यंत्र तपासायला केंद्राच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधने विनामूल्य आहेत.

अपडेटचेही असेच. मोबाइलचा डेटा वाचावा म्हणून कोणीतरी ‘मीटर्ड कनेक्शन’ ही नेट कमी वापरण्याची सेटिंग चालू करून ठेवतो आणि विंडोजचे अपडेट महिनोन् महिने येत नाहीत. मे 2017 मध्ये जगभर धुमाकूळ घालणाऱ्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने वापरलेल्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट निघते. म्हणून तिसरा शनिवार ठरवावा, फायबर असेल तिथून ते घ्यावे आणि यंत्र रीस्टार्ट करावे. एका यंत्राने उतरवलेले अपडेट ऑफिसातल्या बाकीच्यांना वाटण्याची सोय विंडोजमध्येच आहे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (यंत्रातली सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुने यंत्र बदलायचे असेल तर बिलासह मिळणारे जुने-दुरुस्त यंत्रही चालेल, पण पिढी बघून घ्यावे. तोवर जुन्यावर बँकिंग नको.

राउटर आणि डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारी पेटी, यांचा कंपनीकडून आलेला पासवर्ड बदलावा. 2016 च्या मिराई हल्ल्यात मूळ पासवर्ड न बदललेले असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर मारा करायला वापरले गेले होते. बसवणारा ‘घरून दिसेल’ म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून देतो, ते बंद करायला सांगावे.

कर्मचाऱ्याचा फोन म्हणजे ऑफिसचाच संगणक. लग्नपत्रिका, वाहतूक चलन, पीएम किसानची यादी अशा नावाने एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते, दाबली की एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पळवते. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अनोळखी अ‍ॅप बसवणे’ या ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाइल्स यांची परवानगी बंद करावी. सभासदांच्या आधारचे फोटो परिचालकाच्या खासगी गॅलरीत वर्षानुवर्षे राहतात, आठवड्याला पुसावेत. जिथे चालते तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क्ड आधार घ्यावे. जुन्या झेरॉक्सचे गठ्ठे रद्दीत देऊ नयेत. त्यांच्या पुड्यांत भजी बांधलेली कोणाला नवीन नाही.

कपाशीत कामगंध सापळे (मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढणारे) आपण पतंग मारायला लावत नाही; सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली हे कळायला लावतो. संगणकातही तसेच. आठवड्याचा तो एक तास शनिवारी काढून डिफेंडरचा इतिहास, जीमेलला जोडलेल्या उपकरणांची यादी आणि बँकेचे विवरण बघावे. शेतकरी उत्पादक कंपन्यांना तर 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर बंधनकारक आहे; ती नोंद लेखापरीक्षकाने वर्षातून एकदाच बघायची गोष्ट नाही.

घात झालाच तर काय करायचे याचा एक कागद भिंतीवर असावा. नेटची वायर ओढा, वायफाय बंद करा, पडद्याचा फोटो घ्या, फॉरमॅट करू नका. घाईने फॉरमॅट करणारा तंत्रज्ञ पुरावाच पुसतो. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आणि बँक. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तो रोखला जाऊ शकतो. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशानुसार हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायचे आहे. फायली कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी देण्याआधी ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर मोफत किल्ली आहे का पाहावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू होतील. 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद दाखवून महागडे प्रमाणपत्र विकणारे येतील. त्यांना चहा पाजावा आणि परत पाठवावे. सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी या अमेरिकी ना-नफा संस्थेची लहान संस्थांसाठीची 56 उपायांची पहिली पायरी मोफत मिळते, आणि वर लिहिलेले बहुतेक त्यात आहे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. अंदाजपत्रकात ‘स्टेशनरी’खाली संगणक देखभाल लपवण्याऐवजी माहिती सुरक्षेचा वेगळा शीर्ष ठेवावा आणि अहवालात एक ओळ छापावी : शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेला उघडून पाहिला, आणि तेरीज जुळली का.

आपले,
संस्थांच्या संगणक देखभालीचे काम करणारे काही वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा